एक मिनिट बारा सेकंद

माणसं नेमकी कोणत्या क्षणाला घाबरतात, हे भैरवी इनामदार त्यांच्या हातांवरून ओळखायची. राजारामपुरीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिची एडिटिंगची खोली होती आणि तळमजल्यावर आक्कांचा शिवणक्लास. ट्रेलरचा पहिला कट तयार झाला की ती लॅपटॉप घेऊन खाली जायची, तो कापड बेतायच्या टेबलावर ठेवायची आणि बायकांकडे तोंड करून बसायची. ट्रेलर चालू असताना त्यांचे हात कुठे थांबतात, ते सेकंदासकट वहीत लिहायची.

या वेळचा चित्रपट भीतीचा होता, पण त्यात भूत नव्हतं. एका तरुणीला वाटत राहतं की आपल्या आईच्या जागी दुसरंच कुणीतरी घरात वावरतंय. दिग्दर्शक राजवर्धन कोल्हापूरचाच, त्याचा हा दुसरा चित्रपट. गगनबावड्याजवळ एका बंद पडलेल्या रिसॉर्टमध्ये त्यांनी बावीस दिवस चित्रीकरण केलं होतं. मुख्य भूमिकेत पूर्णिमा, नेसरीची मुलगी. कॉलेजच्या नाटकांमधून आलेली आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहिलेली.

अशा ट्रेलरची भैरवीची एक पद्धत होती. आधी साधं घर दाखवायचं. कुकरची शिट्टी, झाडू, बाहेर कुणाची तरी गाडी. मग एकेक आवाज हळूच काढून घ्यायचा. काय कमी झालं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण त्याची पाठ खुर्चीपासून सुटते. सगळ्यात शेवटी एक दार आणि ते उघडायच्या आत कट. दारामागे काय असेल ते प्रत्येकजण आपापल्या घरून घेऊन आलेला असतो, आणि ते दार उघडलेलं बघायला तो तिकीट काढतो, असं ती नव्या मुलांना शिकवताना सांगायची.

या ट्रेलरमध्ये एक मिनिट बाराव्या सेकंदाला पूर्णिमाचा चेहरा होता. अडगळीच्या खोलीत कोंडलेली ती कपाळ दाराला टेकून उभी आहे, तोंड उघडं आहे आणि नखं लाकडावरून घसरतायत. चारच सेकंद. भैरवीने त्याखालचा मूळ आवाज काढून टाकला होता आणि फक्त एक खोल, घुमणारा सूर ठेवला होता. राजवर्धनने पाठवलेल्या तुकड्यांमध्ये हा शॉट सापडला तेव्हा ती खुशीने टेबलावर थाप मारून उठली होती.

बुधवारी सकाळी अकरा वाजता आठ बायकांनी ट्रेलर बघितला. एक मिनिट बाराव्या सेकंदाला आठही जणींचे हात थांबले. भैरवीने वहीत आकडा लिहून त्याला गोल केला. ट्रेलर संपल्यावर नेहमी होते तशी हसाहस मात्र झाली नाही.

आक्कांनी गळ्यातली टेप नीट केली आणि विचारलं, "त्या पोरीला भाईर काढली का न्हाय मग?"

"आक्का, सिनेमा आहे तो."

"बाकीचा सिनेमा हाय. ते सोंग न्हवं. माझी भण विहिरीत पडलीती तवा तिचं तोंड असंच झालतं."

भैरवी हसून वर आली, पण जिना चढताना आक्कांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. राजवर्धनने निवडून पाठवलेला तुकडा तेवढाच तिने आतापर्यंत पाहिला होता. आता तिने चित्रीकरणाच्या हार्डडिस्कमधून त्या शॉटची अख्खी क्लिप शोधून काढली. अकरा मिनिटांची होती. कॅमेरा खोलीतच एका फळीवर बसवलेला आणि पूर्णिमाच्या कॉलरला माईक. भैरवीने हेडफोन लावला.

पहिली तीन मिनिटं संहितेत होतं तसंच होतं. "आई, दार उघड. आई, मी आहे." मग पूर्णिमा थांबली आणि तिने वाट बघितली. "सर, झालं की. उघडा." थोड्या वेळाने पुन्हा तेच, जरा हसत. मग हसणं बंद झालं. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "सर, मला श्वास घ्यायला येईना. खरंच येईना. उघडा की." सातव्या मिनिटापासून शब्दच नव्हते. श्वास आणि नखं, एवढंच. आणि दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, राजवर्धनचा शांत आवाज. "कॅमेरा चालू हाय न्हवं? मग कुणी हलू नका."

ट्रेलरमधले ते चार सेकंद नवव्या मिनिटातले होते.

भैरवीने हेडफोन काढला. खोलीत भिंतींना जाड फोम होता, बाहेरचं काही ऐकू येत नसे. एरवी ही शांतता तिला आवडायची. आता तिला वाटलं, आपल्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे. मागे वळून बघायला तिला बराच वेळ लागला. मग ती दार सताड उघडून जिन्यावर जाऊन बसली. तिला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. हजारो तासांचं फुटेज बघितलेल्या तिला जे कळलं नव्हतं, ते आक्कांना चार सेकंदांत कळलं होतं.

तिने राजवर्धनला बोलावून घेतलं. तो चार वाजता आला, खुर्ची ओढून बसला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही.

"करारावर सही हाय तिची," तो म्हणाला. "आणि नंतर हसत होती ती. विचारा सेटवर कुणालाही."

"ती श्वास घेता येत नाही म्हणत होती, राजवर्धन."

"तुम्हीच म्हणता ना, माणूस खरा घाबरला की हात बोलतात? मग ते हात कुठनं आणायचे?"

भैरवीने मॉनिटर बंद केला. "तो शॉट मी काढतेय. आणि तिच्याशी बोलणार आहे."

त्याने मान हलवली, जणू पटलंच. फोन आल्यासारखा तो बाहेर गेला आणि दार मागे ओढून घेतलं. दुसऱ्या क्षणाला दिवा गेला.

वीज गेली असेल, असं तिला आधी वाटलं. ती चाचपडत दाराशी गेली. मूठ फिरली, पण दार हललं नाही. बाहेरून कडी होती आणि दिव्याचं बटणही बाहेरच होतं. खोलीला खिडकी नव्हती. यूपीएसचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता. "राजवर्धन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फोमने तोंडातून निघता निघताच पिऊन टाकला. तिने दारावर थाप मारली. तीही मऊच वाजली.

पुढे काय होणार ते तिला सगळं ठाऊक होतं. आधी श्वास आखूड होतो, मग कानांना नसलेले आवाज ऐकू येतात, मग माणूस अंधारात आकार जुळवायला लागतो. याच क्रमाने तिने कितीतरी ट्रेलर जोडले होते. ते ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही. श्वास आखूड झाला. खुर्ची होती त्या कोपऱ्यात काहीतरी वाकून उभं राहिलं. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मग तिला जाणवलं, आपलं कपाळ दाराला टेकलंय.

दिवा लागला, दार उघडलं. राजवर्धन हातातल्या फोनवर वेळ बघत होता. "दीड मिनिट. काय झालं काय तुम्हाला? काहीच न्हाय. आता सांगा, सोंग करून हे येतं?"

भैरवीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने पर्स उचलली, हार्डडिस्क पर्समध्ये टाकली आणि त्याच्या बाजूने अंग चोरून खाली गेली. शिवणक्लासमध्ये आठ मशिनींचा खडखडाट चालू होता, त्या आवाजात मधोमध जाऊन ती बसली. आक्कांनी पाणी दिलं. दोन शब्दांत झालं ते ऐकलं आणि वर गेल्या. त्यांचा आवाज खालपर्यंत आला. "पावणं, तुमी निघा आता. आणि ह्या जिन्यावर परत पाय ठेवू नका." तो गेला. पण अंधार पडायच्या आत भैरवी घरी गेली आणि दिवे लावूनच झोपली.

दुसऱ्या दिवशी ती नेसरीला गेली. पूर्णिमा गोठ्यात होती. म्हशीपुढे वैरण टाकून ती हात पुसत आली. भैरवीने विचारायच्या आधीच तिला कळलं असावं. ती गव्हाणीच्या कडेवर बसली.

"घरात सांगितलं न्हाय ताई मी," ती म्हणाली. "सांगितलं की म्हणणार, तरी म्हणत होतो जाऊ नको. दार उघडलं तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी हसलो. काय करणार? आता न्हाणीघराला कडी घालाय होत न्हाय मला. आई बाहेर उभी राहते. तिला सांगितलंय, कडी मोडलीय."

"मी तो शॉट काढते. पण तुझा आहे तो, म्हणून तुला विचारायला आले."

पूर्णिमाने हाताला चिकटलेली वैरणीची काडी काढून टाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "चांगला झालाय काय?"

भैरवीला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने खरं तेच सांगितलं. "ट्रेलरमधला सगळ्यात चांगला शॉट आहे."

"पण ते माझं काम न्हवं, खरीच भीती होती ती. काढा."

तिथूनच दोघींनी निर्माते विजयसिंह यांना फोन लावला. त्यांचा पशुखाद्याचा धंदा होता, सिनेमात पैसे घालायची त्यांची ही पहिलीच वेळ. भैरवीने क्लिपमधली सातव्या मिनिटानंतरची दोन मिनिटं त्यांना फोनवर ऐकवली. ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग ते म्हणाले, "माझी मुलगी हिच्याच वयाची हाय. आधी ते काढा. त्याला काय सांगायचं ते मी सांगतो." पोलिसांत अर्ज देण्याबद्दल भैरवीने विचारलं तेव्हा पूर्णिमाने मान हलवली. आत्ता नको. पण त्या अकरा मिनिटांची एक प्रत तिने पेनड्राईव्हवर मागून घेतली.

शॉट ट्रेलरमधून गेला आणि चित्रपटातूनही. दिग्दर्शक म्हणून राजवर्धनचंच नाव राहिलं, फक्त उरलेल्या कामाला त्याने यायचं नाही असं ठरलं. त्या प्रसंगाला आता कॅमेरा बंद दाराच्या बाहेरच राहणार होता आणि आतून पूर्णिमाचा आवाज येणार होता. तो आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करायचा होता.

पंधरा दिवसांनी पूर्णिमा कोल्हापूरला आली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं, अशी तिची अट होती. रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते, त्यामुळे ध्वनिमुद्रक कुरकुरला, पण भैरवी स्वतः उंबऱ्यावर स्टूल टाकून बसली. पूर्णिमाने माईक ओठांजवळ घेतला आणि डोळे मिटले.

"आई, दार उघड," तिने सुरुवात केली. दुसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा शब्द तुटले आणि नुसता श्वास उरला, आत ओढलेला आणि बाहेर न येणारा. तिचे गुडघे वाकले. माईकच्या दांडीवरून बोटं खाली घसरत गेली.

भैरवी स्टूल पाडून उठली आणि आत धावली. तिने पूर्णिमाचा दंड घट्ट धरला. तिचे स्वतःचे हात थरथरत होते.

पूर्णिमाने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. तिचा श्वास संथ होता.

"ताई, बसा की," ती म्हणाली. "काम करतोय मी."