वाजस

रबराचा तुकडा नखाएवढाच, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला, एका कडेला किंचित सोललेला – वाल्मिकने तो बोटाच्या पेरावर ठेवून पाहिला आणि त्याला वाटलं, हा बसला की झालं. एसीचा पत्रा आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये एवढा मऊपणा मिळाला की कसला आवाज नि कसलं काय. काल पंख्याचे नट आवळून झाले, परवा तांब्याच्या नळीला चिंधी गुंडाळून झाली, आणि तरी आज सकाळी चहाची बशी खाली ठेवता ठेवता माय म्हणालीच, "भलतं वाजस रे बापू, तुन्हा मशीनमा."

वाजस. वाजतंय. गोडादऱ्याच्या निम्म्या वस्तीचे कूलर आणि एसी ज्याच्या हाताखालून गेले त्या माणसाच्या घरचं मशीन वाजतंय, आणि ते ऐकू येतंय त्याच्या आईला! सोनाली, त्याची बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली की मला तर काही ऐकू येत नाही. त्यालाही येत नव्हतं. पण माय उगाच कशाला बोलेल? एवढ्यात भेस्तानहून भूपेंद्रभाईंचा, एका जुन्या गिऱ्हाइकाचा, फोन आला, तुकडा खिशात गेला, आणि तो हत्यारांची पिशवी मोपेडला अडकवून निघाला.

रस्ता सकाळीच तापला होता, पण वाल्मिकला ऊन कधी फारसं लागत नसे. उन्हावरच तर त्याचं पोट होतं. मात्र लोकांची घरं गार करणाऱ्याच्या स्वतःच्या घरी इतकी वर्षं वाळ्याचा कूलर घरघरत होता. एसी आला तो मायसाठी. एका गिऱ्हाइकाने काढून टाकलेला, खिडकीत बसवायचा जुना डबा – त्याचा कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला, पत्रा घासून रंगवला, आणि अमळनेरकडच्या गावाहून माय आली त्याच दिवशी तो सुरू केला. त्याचे वडील, अप्पा, गेल्यापासून ती तिकडे एकटीच होती. तिने आता इथंच राहावं, कायमचं राहावं, हे त्याला फार फार वाटत होतं. पण तोंडाने म्हणायला जीभ रेटेना... त्यापेक्षा खोली गार करणं सोपं. आणि माय काय करी? मशीन सुरू झालं की थोडा वेळ बसे, मग हळूच उठून ओट्यावर जाई, भर उन्हात. परवापासून तर तिने धोशाच लावला होता, रविवारी मला गाडीत बसवून दे. एका आवाजापायी! त्या आवाजाचा त्याला असा राग येत होता की तो सापडता तर त्याने त्याला पकडीत धरून पिळला असता.

भूपेंद्रभाईंच्या घरी काम किरकोळ होतं. फिल्टर धुळीने बुजलेला. तो धुतला, बसवला, आणि खोलीत गारवा पसरला तसे भूपेंद्रभाई हात पसरून वाऱ्याखाली उभे राहिले. सोफ्याच्या कोपऱ्यात त्यांच्या आई, बा, बसल्या होत्या, कानावरून शाल घेतलेल्या, पाय साडीत ओढून. वाल्मिककडे पाहून त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "भाई, जरा धीमुं कर ने. मने तो टाढ वाय छे."

म्हातारीला थंडी वाजत होती. त्याने रिमोट उचलला. वाय छे, म्हणजे वाहते... काय पण भाषा, थंडीला वारा केलं यांनी, आमच्याकडे बघा कसं –

बोट बटणावरच राहिलं.

आमच्याकडे कसं? हरभऱ्याच्या राखणीची पहाट, बांधावर विझत आलेली शेकोटी, तो एवढासा, दातावर दात आपटतायत, आणि माय गोधडीचा एक पदर उघडून म्हणतेय, वाजस का रे? ये. त्या पहाटे तिने काय विचारलं होतं – तू आवाज करतोस का? तो काय गिरणीचा भोंगा होता?

हिव वाजस. हिव, थंडी. तेवढा एक शब्द ती गाळत होती, गावात सगळेच गाळतात, आणि मी... दिवसभर हिंदी, दुकानात गुजराती, आणि कान सदा मशीनला लावलेला. मी गाढव, पाना घेऊन डब्याला भिडलो. आणि बिचारी माय उन्हात जाऊन अंग शेकत होती! त्याला एकदम हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

"शुं थयुं, वाल्मिकभाई?" भूपेंद्रभाईंनी विचारलं.

"कांई नहीं," तो म्हणाला, आणि बांकडे बघून पुन्हा हसला.

दुपारी घरी आला तेव्हा माय ओट्यावरच होती, हात पदराखाली.

"माय, तुले हिव वाजस का?"

"रोजच त सांगस बाप्पा. तू पाना लिसन मशीनलेच भिडस."

"मंग बंद कर म्हनानं ना!"

"इतल्या हौसनं लायं तू. बंद कर कसं म्हनू?"

आत जाऊन त्याने थंडीचं बटण पार मागे फिरवलं. थोड्या वेळाने माय उठून आली, भिंतीला टेकली, पाय पसरले. मग सोनालीला म्हणाली, "जुन्या साड्या शेत का व? एक गोधडी शिवसू."

गोधडी काही एका बैठकीत होत नाही. पण ती कुणासाठी – इथं पांघरायला, की जाता जाता सुनेसाठी मागे ठेवायला? रविवारचं नाव तिने काढलं नाही, त्यानेही नाही. सोनालीने पेटीतून साड्यांचा ढीग काढला. माय एकेक साडी बोटांनी चाचपत, कुठली पुढे, कुठली आत, ते ठरवू लागली.

मशीन आता हलकं चाललं होतं, आणि त्या शांततेत त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं – खट... मग बराच वेळ काही नाही... पुन्हा खट. डावीकडे, चौकटीपाशी. म्हणजे खरंच वाजत होतं! हात सवयीने खिशात गेला. रबराचा तुकडा तिथंच होता, अंगाच्या उबेने मऊ झालेला. त्याने तो चिमटीत धरला, दाबला, सोडला. माय सुईत दोरा ओवत होती. वाजू दे, त्याला वाटलं, आणि हात खिशात तसाच ठेवून तो तिच्याशेजारी भिंतीला टेकला.