पातेल्याच्या तळाचा आवाज

वैशाखातल्या दुपारी, सातपुड्याची निळी रेघ उन्हाच्या धगीत विरघळून गेलेली असताना, वरवट बकाल गावच्या मामीच्या स्वयंपाकघरातून एक आवाज येई: खर्र, खर्र, मध्येच बांगड्यांची बारीक किणकिण, आणि पुन्हा खर्र. भरल्या पोटी ओसरीवर आडव्या झालेल्या माझ्यासारख्या भाच्याला ती अंगाईच होती. मामी भांडी घासते आहे, अशा गाढ समजुतीत मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या घोरत काढल्या.

मामी वाऱ्याच्या जातीची. ती दिसत नसे, तिच्यामुळे हललेलं दिसे: भरलेला माठ, ताटात अलगद उतरलेली दुसरी भाकर, दारामागे नाहीसा होणारा पदर. तिला आठवू जावं तर आधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळात तांबूस उजळलेले हात येतात, मग परातीवर वाकलेली पाठ. चेहरा फार उशिरा, संकोचत येतो.

पुढे मी विद्यापीठात मानवी पोषणशास्त्र शिकू लागलो. वर्गभर मुली आणि कोपऱ्यात मी. मामाला हसू आवरेना. “खायाचं शिकाले कॉलेजात जाऊन राह्यला! आमी काय उपाशी वाढवला तुले?”

दुसऱ्या वर्षी वजनकाटा, मापाच्या वाट्या आणि छापील फॉर्म घेऊन मी सर्वेक्षणाला वरवट बकाललाच उतरलो. घरातल्या बाईनं चोवीस तासांत काय खाल्लं ते विचारायचं. जिचा आहार तोकडा दिसेल तिचं नाव आरोग्य केंद्रातल्या रक्ततपासणीच्या यादीत घालायचं. मामीला त्या दिवसांत उठता-बसता घेरी येई, आणि ती बोल लावी उन्हाला.

“मामी, काल काय जेवली?”

“तुमी जेवले थेच.”

झालं! मी विद्वान. शिजलं तेवढं सगळं मांडलं, घरातल्या पाच माणसांनी भागलं, पाचवा हिस्सा मामीच्या नावे लिहिला आणि खाली वळणदार अक्षरात शेरा मारला: आहार पुरेसा. मामी यादीबाहेर.

सर्वेक्षणाला सोबत आलेल्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी फॉर्म वाचून चष्मा कपाळावर सरकवला. “तिचं ताट पाहिलंस?”

 मनातल्या सगळ्या सुट्ट्या धुंडाळल्या. मामाचं काठ चेपलेलं ताट सापडलं, माझं फुलाफुलांचं सापडलं. मामीचं ताट कुठल्याच दुपारी सापडेना.

यादी परवा जायची होती. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर मी ओसरीकडे न जाता चुलीपाशी बसून राहिलो.

“काऊन बे, पोट नाई भरलं?”

“तुझं ताट घे, मामी.”

“माह्यं कायचं ताट! जाय, लोळ जरासा.”

मी हललो नाही. शेवटी तिने रिकामं पातेलं मांडीशी ओढलं, अर्धी भाकर मोडली आणि तिच्या कडेने तळाला लागलेली मुगाची डाळ खरवडू लागली. खर्र, खर्र. कौलांच्या फटीतून उतरलेली उन्हाची एक तिरीप तिच्या मनगटावर थरथरत होती, आणि माझी अंगाई माझ्यासमोर बसून जेवत होती.

काटा पुढे केला तेव्हा ती हसली. “आता माह्या घासाले तोलतं का रे?”

तोललं. लाज वाटली, तरी तोललं. जुना शेरा खोडून नवा आकडा लिहिला, नाव यादीत गेलं. तपासणीत तिचं रक्त फारच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. मामाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या हाताने आधी मामीचं ताट वाढलं, म्हणजे निम्मी भाजी जमिनीवर सांडली.

“हाव, आता पुसाचं कोनं?” मामी म्हणाली, पण बसली.

आता घेरी येत नाही, आणि दुपारचं ते स्वयंपाकघर निःशब्द असतं. मात्र जुन्या सुट्ट्या आठवू लागलो की तो आवाज आजही येतो, अगदी तसाच, त्याच वेळी. आणि सगळं कळून चुकलेला मी ओसरीवर झोपलेल्या त्या मुलाला हलवून हलवून जागं करू पाहतो. तो कूस बदलतो, आणि झोपतो.