सीताची सर्दी

माही बायको सीता मेल्यावरही तीन वर्षं फोनवर बोलत होती. हसू नका, खरं सांगून राह्यलो. आलापल्लीच्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजमधी "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा" असं जे ऐकू यायचं, तो तिचाच आवाज. ती तिथी ऑपरेटर होती, मी मशिनी सांभाळायचो. आमच्यासोबतच्या नानाजीनं सत्त्याण्णव साली तो आवाज मशिनीत भरला होता.

एकदा शेजारची मंगलीबाई टोपलीत मोहफुलं घेऊन आली न दारातच थबकली. "सोमाजीभाऊ, बाई तर गेली ना? मंग काल मले फोनवर कशी बोलली?" मी खेकसलोच तिच्यावर. पण तुमच्यापासून काय लपवू? रोज दुपारी जेवण झालं का मीही लागत नसलेला नंबर मुद्दाम लावायचो न कानाले फोन धरून बसायचो. आवाज जरासा भरलेला, नाकातला. काऊन, तर रेकॉर्डिंगच्या दिवशी बाईले सर्दी होती, असं मले नानाजीनंच सांगतलं होतं.

मंग एक्सचेंजच बंद झालं. राजुऱ्याचा भंगारवाला ट्रक घेऊन आला. हात जोडाची सवय मले नाई, पण त्या दिवशी साहेबासमोर जोडले न मशिनीतली जुनी डिस्क मागून आणली. सीताचा दुसरा आवाज घरात कुठीच नव्हता. लग्नाची कॅसेट नाई, मोबाइलमधी काई नाई. जे होतं ते त्या डब्यात.

पोरगी संघप्रिया नागपूरले कॉम्प्युटरच्या कामात आहे. ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली. डिस्क कटकट करे, थांबे, पुन्हा करे. दुपारी तीनच्या सुमारास कशीबशी एक फाइल निघाली न डिस्क जी गप झाली, ते कायमची. फाइल चारशेऐंशी किलोबाइटची.

"बाबा, फाइलवर वेग लिहून नाई. किती ठेवू?"

"चौसष्ट. टेलिफोनच्या लाइनवर आवाज सेकंदाले चौसष्ट किलोनं जाते. तीस वर्षं तेच केलं मी. चारशेऐंशी भागिले चौसष्ट, साडेसात सेकंद. आन तुही माय बोलते तेवढंच!" हिशेब असा चोख बसला का मी मांडीवर थाप मारली.

तिनं वाजवलं. स्पीकरमधून खार ओरडल्यावानी चिरचिर निघाली. साडेसात सेकंद नुसती चिरचिर.

"बिघडवलं ना तू!"

"बाबा, लाइनचे चौसष्ट म्हणजे बिट. डिस्क बाइटमधी मोजते. एका बाइटचे आठ बिट, म्हणून वेग आठ पट जास्त—"

"मले शिकवते? डोक्यात काई शिरत नाई तुह्या! उठ तिथून!"

ती उठली नाई. तिनं चौसष्टच्या जागी आठ टाकले. साडेसात सेकंदांचे साठ झाले. मी आणखी बोलणारच होतो, तेवढ्यात स्पीकर बोलला. तो आवाज सीताचा नव्हता. माहा होता, सत्त्याण्णव सालचा.

"सावकाश बोल ना! गाडी सुटून राह्यली का तुही? चार खेपा झाल्या! डोक्यात काई शिरत नाई तुह्या. पोरगीही तुह्यावरच गेली!" मंग धाडकन दार आपटलं.

त्याच्यानंतर नुसता पंखा. किती वेळ तो पंखाच. मले यातलं काईच आठवत नाई. आजही नाई, याचीच मले जास्त भीती वाटते.

मंग नानाजी हळूच बोलला, "बाई, पाणी प्या." गिलास वाजला. नाक शिंकरल्याचा आवाज. आन मंग सीता, माही सीता, एकदम जवळून: "नानाजी, त्याइले काई सांगू नका. आवाज असा काऊन म्हणून इचारलं, तर सर्दी झाली म्हणा. लावा आता."

या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

नानाजीनं सुरुवातीची खूण नेमकी इथी लावून ठेवली होती, म्हणून एक्सचेंज एवढंच वाजवायचं. बाप्पा रे! इतकी वर्षं साऱ्या भागानं तिचं रडणं ऐकलं, आन मी तर दुपारी जेवून, मायेनं ऐकलं. नानाजीही गेला, नाईतर त्याचे पाय धरले असते.

संघप्रिया खिडकीबाहेर सागाच्या झाडांकडं पाहत होती. मी उठलो, माठातलं पाणी आणलं.

"घे बाई, पाणी पे. तुहंच बरोबर होतं. साडेसातले आठनंच गुणाचं होतं."

तिनं गिलास घेतला, पण मान वळवली नाई.

"रडून राह्यली का?"

"नाई बाबा," ती म्हणाली. "सर्दी झाली."