बिनअंड्याच्या वड्या

सारजाचा कुत्रा हरण्या कुणाच्या हातचं खात नसे. सारजाच्याही नाही. त्याला काही द्यायचं तर आधी काळ्या घोंगडीचा कोपरा जमिनीवर पसरायचा, खाणं त्यावर ठेवायचं, मग तो मान खाली घालून सावकाश खाणार. घोंगडीबाहेर उडालेला तुकडा तिथंच पडून राही. त्याला मुंग्या लागल्या तरी हरण्या तिकडे बघत नसे.

ही सारजाच्या माहेरची रीत. तिच्या आईवडिलांची मेंढरं होती. आज या शिवारात मुक्काम, उद्या त्या शिवारात. चोर कुत्र्यापुढं विषाची भाकरी टाकत आणि सकाळी मेंढरं कमी भरत. म्हणून पिल्लाचे डोळे उघडले की आई त्याला घोंगडीवर खायला शिकवी. घोंगडी पसरली ते घर, तिच्यावर पडेल ते अन्न, बाकी सगळं परकं. मुक्काम हलला की घोंगडी घोड्यावर जाई आणि कुत्रं कुणी न सांगता घोड्यामागं चालू लागे. मेंढरं केव्हाच विकली गेली. आईही गेली. सारजा लोणी भापकरला नांदायला आली तेव्हा घोंगडी तिच्याबरोबर आली होती, ती राहिली. आणि घोंगडीबरोबर रीतही राहिली; हरण्या पिल्लू असताना सारजानं त्यालाही ती शिकवली.

वड्यांचा उद्योग हरण्यामुळंच सुरू झाला. लहानपणी त्याच्या अंगाला खाज सुटली आणि पाठीवरचे केस गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी बाजारचं खाणं बंद करायला सांगितलं. मग सारजानं बाजरीचं पीठ मंद आचेवर भाजलं, त्यात उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याची पूड घातली. भिगवणहून आणलेली बारीक सुकी मासळी कुटून मिसळली. मीठ नाही, गूळ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. घट्ट मळून, लाटून, शंकरपाळ्यांसारखं कातणानं कापून तिनं त्या वड्या तव्यावर खडखडीत होईपर्यंत भाजल्या. हरण्याचे केस परत आले, आणि असे आले की हात फिरवला तर घसरावा.

सून दीपालीनं ते बघितलं आणि डोकं चालवलं. तिनं एक छोटा ओव्हन घेतला, पाकिटं छापली. सारजा ज्यांना वड्या म्हणे त्यांना पाकिटावर बिस्किटं म्हटलेलं होतं आणि वर हरण्याचा फोटो होता, कान टवकारलेला. बारामतीतल्या कॉलन्यांमधून तिची गिऱ्हाइकं ठरून गेली. विकायच्या वड्यांत अंडं असे, त्यानं त्या फुटत नसत. हरण्याला मात्र अंडं सोसत नव्हतं, लगेच खाज सुटे. त्याच्या वड्या वेगळ्या, बिनअंड्याच्या, मासळी दुप्पट. त्यांचा डबाही वेगळा.

भाऊबीजेला दादासो आला तेव्हा सारजा नेमकी त्याच डब्यासाठी वड्या कापत होती. दादासो तिचा धाकटा भाऊ. मेंढरांमागं हिंडताना तिनं त्याला कडेवर वागवलेला. आता तो इंदापूरजवळ एका बंगल्यावर राखणीला होता. मालक पुण्याला असत, महिन्यातून एकदा येत. दादासोनं भाजलेली एक वडी उचलून तोंडात टाकली.

"आक्का, मीठ न्हाय ह्यात."

"कुत्र्याला मीठ कशाला? तुला पायजे तर चिवडा घे, त्यात घातलंय."

"माणसांसाठी तरी एवढं करतीस का?"

"माणसं मागून खात्यात. हे मुकं हाय."

दीपाली आतून म्हणाली, "मामा, तुमी बी एकदा घोंगडीवर बसून बघा. वाढतील आत्या."

सगळे हसले. हरण्या उंबऱ्यापाशी पडला होता, त्यानं एक कान हलवला. ओवाळून झालं. दादासोनं ताटात साडी ठेवली आणि म्हणाला, "दसऱ्याला मी हरण्या मागितला, तू न्हाय म्हणालीस. बरोबर म्हणालीस. मालकांनी पाकिटावरचा फोटो बघितला न् माझ्या मागं लागले, म्हणून इचारलं. माझंच चुकलं."

"जाऊ दे की आता."

"आज दुसरं मागतो. आईची घोंगडी अर्धी दे. माझ्याकडं आईचं काय बी न्हाय, आक्का. फोटू बी न्हाय. देवाजवळ ठेवीन."

सारजाला लाज वाटली. इतकी वर्षं आपण घोंगडी अख्खी धरून बसलो आणि भावाला कधी विचारलंही नाही, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. तिनं खुंटीवरची घोंगडी काढली, मधोमध घडी घातली आणि कात्रीनं कापली. कापलेली कड उसवू नये म्हणून दोन्ही तुकड्यांना लाल दोऱ्यानं टाके घातले. दादासो शेजारी बसून बघत होता. निघताना म्हणाला, बंगल्याजवळ एक कुत्रं हिंडत येतं, त्याला घालायला चार वड्या दे. सारजानं हाताशी होता तो डबा उघडला, हरण्याचा, आणि ह्या बिनअंड्याच्या, मासळी दुप्पट, असं सांगून पिशवी भरून दिली.

पंधरवडा गेला असेल. त्या दिवशी सारजा मासळीला भिगवणला गेली होती आणि दीपाली पाकिटं घेऊन बारामतीला. दोघी परतल्या तेव्हा अंगण रिकामं होतं. हरण्याला कधी बांधत नसत, त्यामुळे साखळी तुटल्याची खूण नव्हती. रक्त नव्हतं, झटापट नव्हती. शेजारच्या दगडाबाई दिवसभर दारात तूर निवडत बसल्या होत्या. मागच्या बाजूनं रस्त्यावर एक टेम्पो थांबल्याचं त्यांना आठवत होतं, पण साखर कारखान्याचे दिवस, टेम्पो-ट्रॅक्टर सारखेच थांबत.

"भुकल्याचा आवाज बी न्हाय आला बाई," दगडाबाई म्हणाल्या. "परकं माणूस आसतं तर त्यानं गाव डोक्यावर घेतलं आसतं."

सारजानं दादासोला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर. हातात काठी घेऊन बहिणीबरोबर उसाच्या सरीसरीतून फिरला. वाकून माती बघितली, पाचट उचकटलं, हरण्याच्या नावानं हाका मारल्या. दुपारी ओसरीवर जेवताना म्हणाला, "बिबट्या फिरतोय म्हणत्यात हिकडं. त्यानंच नेलं. आता वाट बघू नगं, आक्का. जिवाला लावून घिऊ नगं." सारजानं डोळ्याला पदर लावला, तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी तो गेल्यावर ती दीपालीला म्हणाली, "भाऊ हाय म्हणून. दुसरं कोण कुत्र्यासाठी दिवस मोडून आलं आसतं?"

काही दिवस तिनं पीठ भाजलं नाही. मग गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले तसा ओव्हन पुन्हा लागला. हरण्याचा डबा तिनं घासून पालथा घातला.

थंडी वाढली होती तेव्हाची गोष्ट. दीपाली मोबाईलवर ऑर्डरी बघत होती. मध्येच ती हसली.

"आत्या, ऐका. नवीन नंबर हाय, पत्ता इंदापूरचा. बिस्किटं पायजेत, पर अंडं नको न् मासा जास्त घाला म्हणं. हे कसलं माळकरी कुत्रं? अंडं चालत न्हाय न् मासा चालतो."

सारजाच्या हातात कातण होतं. ते लाटलेल्या पोळीवर अर्ध्यात थांबलं.

"परत वाच."

दीपालीनं वाचलं. या वेळी ती हसली नाही. वाचता वाचताच तिनं सासूकडं बघितलं. विकायच्या वड्यांत अंडं असतं हे पाकिटावर लिहिलेलं होतं. बिनअंड्याची, दुप्पट मासळीची वडी कधी विकलीच नव्हती. ती या घराबाहेर एकदाच गेली होती, भाऊबीजेला, पिशवीतून.

"मामांना फोन लावू?" दीपालीनं विचारलं.

"नगं. ऑर्डर घे. उद्या पोच करतो म्हणावं."

सारजानं पालथा डबा सरळ केला. पीठ भाजलं, भोपळा उकडला, मासळी कुटली. नेहमीसारखीच, काही कमी-जास्त न करता.

दगडाबाईंच्या मुलाचा छोटा हत्ती टेम्पो इंदापूरच्या बाजाराला जायचा होता. दोघी त्यात बसून गेल्या. बंगला गावाबाहेर, डाळिंबाच्या बागेला लागून. फाटक उघडंच होतं. आत फरशीवर हरण्या साखळीला होता. पाठीवरचे केस गेलेले, जागोजागी गुलाबी कातडी दिसत होती. त्याच्यापुढं अर्धी घोंगडी पसरलेली, कडेला लाल दोरा. आणि दादासो उकिडवा बसून तिच्यावर भाकरी कुस्करत होता.

हरण्या उठला. साखळी ताणून दोन पायांवर उभा राहिला आणि घशातून बारीक आवाज काढू लागला. दादासोनं वळून बघितलं.

"आक्का," तो म्हणाला.

"ऑर्डर आणली," सारजा म्हणाली. "बिनअंड्याची."

दीपाली फाटकाला टेकून उभी होती. "मामा, बिबट्या लई शाणा निघाला की. फोनवरनं मागवतोय."

दादासोनं हात झटकले आणि उभा राहिला. "मालकाला शब्द देऊन बसलो हुतो. एक-दोनदा न्हाय, सारखं इचारत हुते. हितनं काडलं आसतं मला तर पोरंबाळं घेऊन कुठं गेलो आसतो?"

"काडतो म्हणले हुते?"

दादासो म्हणाला, "म्हणले न्हवते. पर काय भरवसा?"

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं की दसऱ्याला. न्हाय म्हणालीस." त्याचा आवाज जरा चढला. "आन् मी काय त्याला बांधून न्हाय आणलं, आक्का. मारलं न्हाय, वढलं न्हाय. घोंगडी टेम्पोत हातरली, वर वड्या ठेवल्या. ते आपल्या पायानं चढलं."

सारजा त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी मुक्काम हलताना हाच दादासो घोड्यावर घोंगडीत गुंडाळून बसे आणि मागं चालणाऱ्या कुत्र्याला हाका मारी.

"त्याला वाटलं घर निघालं," ती म्हणाली.

दादासोनं खाली बघितलं.

"उसात फिरलास माझ्यासंगं. वाकून वाकून माती बघत हुतास."

"मग काय करू? तू रडत हुतीस."

सारजानं पुढं होऊन साखळी सोडली. हरण्यानं तिचे हात चाटले, लुगड्यात तोंड घातलं, तिच्याभोवती दोन गिरक्या घेतल्या. "चल," ती म्हणाली आणि फाटकाकडं निघाली. तो चार पावलं आला. थांबला. मागं वळून घोंगडीकडं बघितलं, आणि जाऊन तिच्यावर बसला.

सारजानं परत हाक मारली. हरण्यानं शेपूट हलवली, पण उठला नाही.

ती मागं आली. घोंगडीवरची भाकरी झटकून तिनं ती ओढली, घडी घालून खांद्यावर टाकली. तसा हरण्या झटक्यात उठला आणि तिच्या टाचेला लागून चालू लागला. तिच्या जागी दुसऱ्या कुणी घोंगडी उचलली असती तर तो त्याच्याही मागं असाच चालला असता. सारजाला ते चालता चालता कळलं.

"ती तरी राहू दे, आक्का," दादासो मागून म्हणाला. "आईची हाय."

सारजा थांबली नाही. वड्यांचं पाकीट दीपालीनं फाटकाच्या खांबावर ठेवलं होतं. सारजानं तेही उचललं.

घरी आल्यावर तिनं घोंगडीचे दोन्ही तुकडे ट्रंकेत घातले आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या ताटलीत वड्या घालून हरण्यापुढं ठेवल्या. त्यानं ताटलीचा वास घेतला, रिकाम्या खुंटीकडं बघितलं आणि बसून राहिला. दुपारपर्यंत तसाच. दीपालीला राहवेना.

"आत्या, हातरा की कोपरा. कालपासनं उपाशी हाय."

"न्हाय हातरणार."

"त्याचा काय दोष?"

"त्याचा न्हाय. घोंगडी कुणाच्या हातात हाय ते त्याला कळत न्हाय."

मग सारजा अंगणात मांडी घालून बसली आणि एक वडी तळहातावर घेऊन त्याच्यापुढं धरली. हरण्यानं तोंड फिरवलं. सारजाची आई कुत्र्यांना शिकवी तसं, मान ताठ ठेवून, दुसरीकडं बघत. तिनं हात मागं घेतला नाही. हात भरून आला की दुसऱ्या हातावर वडी घेई. संध्याकाळी ती उठली. वडी होती तशीच होती. दुसरा दिवसही तसाच गेला. हरण्या फक्त पाणी पीत होता आणि पाठ खाजवत होता.

तिसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर तो उठून जवळ आला. बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मग त्यानं ओठ पुढं करून, दात न लावता, वडी तिच्या हातावरून उचलली. कुरकुर आवाज करत खाल्ली. दुसरी दिली, तीही खाल्ली.

"खाल्लं की," दीपाली दारातून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता.

"व्हय," सारजा म्हणाली. तिनं तळहात लुगड्याला पुसला. "आता कुणाच्या बी हातचं खाईल."