सभेच्या दिवशी भरलेली बादली

मी एक बादली बोलतेय. पत्र्याची, एका बाजूने चेपलेली. खरं सांगितलं, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सभेच्या दिवशी वाटभर कडी आपटत होते, तर लोक म्हणाले, कडी ढिली झालीय. बाई बोलली की तिचं डोकं फिरलंय, आणि बादली बोलली की तिची कडी ढिली. ऐकायचंच नाही म्हटल्यावर माणसाला कारण लगेच सापडतं.

पत्रे ठोकणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. त्याने इतकं बडवलं की पुढे रांगेत कुणाची लाथ बसली तरी मला काही वाटलं नाही. त्याच्याकडून इस्त्रीवालीने मला आणलं. माझी मालकीण. दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायची आणि स्वतः चुरगळलेल्या कपड्यात फिरायची. तोंडाने तिखट. पण माझ्यात कधी गढूळ पाणी ठेवलं नाही तिने.

आमच्या वस्तीत नळ एकच. पाणी पाचला यायचं आणि बघता बघता जायचं. बायका दुपारीच भांडी रांगेत लावून घरच्या कामाला पळायच्या. भांडं उभं म्हणजे बाई उभी, हा नळावरचा कायदा. माझ्यापुढे शिंपिणीची कळशी असायची. पाणी आलं की मात्र जिची ती हजर हवी, नाहीतर भांडं बाजूला सरकवलं जायचं. तरीही सांगते, रांगेत आम्हा भांड्यांना जेवढी किंमत होती, तेवढी आमच्या मालकिणींना वस्तीत कुठे नव्हती.

वस्तीची एक समिती होती. गटार कधी उपसायचं, दिवा कुठे लावायचा, सगळं तिथे ठरायचं. समितीत सगळे पुरुष. सभाही पाचलाच, म्हणजे नेमकी पाण्याच्या वेळेला. बायका नळावर, पुरुष सभेत. जन्मात एक तांब्या न भरलेले लोक बसून पाण्याचं ठरवायचे. दुसरा नळ मंजूर झाला, तर तो अध्यक्षांच्या दारासमोर बसवायचं घाटत होतं.

"मीच उभी राहते समितीला," इस्त्रीवाली एकदा रांगेत म्हणाली.

"अगं बाई! मग इस्त्री कोण करणार?" शिंपीण म्हणाली.

"अध्यक्ष करतील. बसू दे जरा चटका."

बायका हसल्या. पण ती हसली नाही, तेव्हा त्यांनाही कळलं, ही खरंच उभी राहणार. मग घरोघर बोलणं झालं. सभा चारला घ्या, असं ती अध्यक्षांना तोंडावर सांगून आली. "घेऊ की," ते म्हणाले. "बघू तरी किती जणी येतात ते." निवड हात वर करून होणार होती. वस्तीत बायका जास्त. त्या आल्या असत्या तर ती निवडून येणारच होती. दुसरा नळ वरच्या गल्लीत आला असता, जिथून म्हाताऱ्या बायका भरलेली भांडी घेऊन चढ चढतात.

तिचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला. कधी आवाज चढवायचा नाही. वस्तीभर बायका त्याला भाऊजी म्हणायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. "उभी राहा तू, मी आहे ना," असं तो तिला म्हणाला होता. सभेच्या दिवशी तर म्हणाला, "बादली आज मी नेतो. तू जा."

मी फुगले होते हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या कडीला हात लावला होता.

पण तो रांगेकडे वळलाच नाही. टाकीजवळच्या खोलीत गेला. तिथे पाणी सोडणारा बसलेला असतो. मला पालथी घालून हा माझ्यावर बसला.

"आज जरा लवकर सोड," म्हणाला. "सगळ्या सभेत जाऊन बसल्या की सोड."

"का रे? बायको पडेल ना तुझी."

"पडू दे. वखारीत रोज विचारतात, आता घरात हात वर करून परवानगी मागतोस का म्हणून."

दोघं हसले. त्या हसण्याचा हादरा मला बुडापर्यंत बसला. मग मला थेट नळाखाली धरलं, रांगेच्या सगळ्यात पुढे. पाणी आलं, मी भरले, घरी पोचले. वाटभर कडी वाजवली ती तेव्हाच.

सभेत काय झालं ते बायकांच्या तोंडून कळलं. हात वर करायची वेळ आली आणि कुणीतरी ओरडलं, पाणी आलं! मग शिंपीण उठली. तिच्या घरी आजारी सासू, पाण्याचा थेंब नाही. तिच्यामागे सगळ्याच धावल्या. मागे उरलेल्या पुरुषांनी हात वर केले आणि निवड उरकून टाकली.

इस्त्रीवाली रिकाम्या हातांनी घरी आली. मी चुलीपाशी काठोकाठ भरलेली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाणी पाचला येतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही चारला नळाखाली बादली घेऊन कशाला उभे होता? सभेला का नाही आलात?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"मी काय विचारलं?"

तो नखं बघत बसला. "लोक हसत होते गं."

बाहेर मात्र ती कुणाजवळ एक अक्षर बोलली नाही. घराची अब्रू! माझ्यातलं पाणी तिने मोरीत ओतून दिलं. पाण्यासाठी आयुष्य झिजवलेल्या बाईने भरलेली बादली ओतली, यावरून काय ते समजा. पुढे समितीवाल्यांनी तिच्या नवऱ्याला समितीत घेतलं. दुसरा नळ अध्यक्षांच्या दारात बसला.

आणि बायकांनी दोष कुणाला दिला? शिंपिणीला. पहिली उठली ना ती! तिची कळशी रांगेतून मागे ढकलायच्या, तिच्याशी कुणी बोलेना. शिव्या द्यायला आपल्यासारखीच एखादी हाताशी असली की वरच्याकडे मान वर करून बघावं लागत नाही. ही खोड मी रांगेत उभं राहून पुरती ओळखलीय.

आता माझं बूड गंजून गेलंय. पाणी राहत नाही. काल नळावर शिंपिणीच्या कळशीला पुन्हा लाथ बसली आणि इस्त्रीवालीचा संयम सुटला. तिने मला पालथी घातली आणि माझ्यावर चढून उभी राहिली.

"पुढच्या सभेला नळ वाहून गेला तरी चालेल, कुणी उठायचं नाही," ती म्हणाली. "एक दिवस तहानेने मरणार नाही आपण. आणि त्या कळशीला हात लावू नका. पाणी आपोआप नव्हतं आलं. सोडायला सांगितलं होतं."

बायांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. रांगेत भांडी तुमच्या जागी उभी राहतील, पण सभेत तुमच्या जागी कुणाला बसवू नका.

"कुणी सांगितलं? अध्यक्षांनी?" मागून एकीने विचारलं.

"नाही."

"पाणी सोडणाऱ्याचंच काम असणार!"

"त्याने नुसती चावी फिरवली."

"मग कोण ते सांग ना ताई!"

माझ्या गंजक्या बुडावर तिने पाय घट्ट रोवले. शिंपीण कळशी छातीशी धरून तिच्याकडे बघत होती.

"तुमचे भाऊजी," ती म्हणाली. "माझा नवरा."