अभिमन्यूच्या ॲम्बॅसिडरची गळती

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं लवकर तापतं. अम्मी म्हणते, तुझ्या टाळूवर पापड भाजून निघंल. पण त्या दिवशी तापलं ते बराबरच तापलं.

आमचं गॅरेज तलवाड्यात, स्टँडाच्या बाजूला. माझे अब्बा, वाहेद मिस्त्री, तीस वर्सं तिथं इंजिनं खोलतात. मी शाईस्ता. आयटीआय करून त्यांच्या हाताखाली लागले, त्याला आता सात वर्सं झाली. उमापूरचा अभिमन्यू आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडं पांढरी डिझेल ॲम्बॅसिडर हाय, लग्नात नवरा-नवरीला बसवायची. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी, पण इंजिन अजून ठणठणीत.

दसरा झाला आन ती गाडी ऑइल गळायला लागली. अब्बांनी इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. चार दिवसांत परत गळती. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील नवं टाकलं. तरी गळती. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच वरातीत गाडीखाली ऑइलचं थारोळं साचलं, उतरताना नवरीच्या शालूचा काठ त्यात बुडला, आन वऱ्हाडानं अभिमन्यूला नाही नाही ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडावरच्या हॉटेलात उभा राहून वरडला, "वाहेद मिस्त्रीचा हात गेला! कुणी गाडी नेऊ नका त्याच्याकडं!"

अब्बा तिथंच चहा पीत बसलेले. कप खाली ठेवला, घरी आले आन खाटेवर पडले. आठ दिवस गॅरेजात पाय ठेवला न्हाई. जेवायला हाक मारली की भिंतीकडं तोंड करायचे. घरी आमी दखनी बोलतो, पण अब्बा रागावले की मराठीवर येतात, कारण शिव्या ते गिऱ्हाइकांकडनं शिकलेत. त्या आठ दिवसांत त्यांनी मला एक बी शिवी दिली न्हाई, तवा मी घाबरले.

शेवटी मीच भडकले. "कावून लपून बसलात असं?"

"बेटा, दोनदा हुकलो," ते म्हणाले. "तो खोटं न्हाई बोलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली जीप धरून उमापूर गाठलं. अभिमन्यू अंगणात दात घाशीत होता.

"भाऊ, गाडीची चावी द्या."

"आता कशाला? बीडला नेऊन इंजिनच बदलणार हाय मी."

"एक दिवस द्या मला. गळती न्हाई निघाली, तर त्याच हॉटेलात मी सोता वरडून सांगीन की आमाला काम येत न्हाई, आन गॅरेजला कुलूप लावीन. निघाली, तर तुमी वरडायचं."

बोलून गेले, आन मग लक्षात आलं आपण काय बोललो. पण आता माघार कशी घेणार? त्याची बायको दिपालीवहिनी आतनं म्हणाली, "द्या की हो. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?" अभिमन्यूनं चूळ भरली आन चावी दिली. पोरगी काय घोळ घालती ते बघायला सोता बी गाडीत बसला.

गॅरेजात आल्यावर मी पाना हातात घेतलाच न्हाई. आधी डिझेल आन ब्रश घेऊन आख्खं इंजिन घासून काढलं, वरनं खालपर्यंत. मळक्या इंजिनवर गळती शोधणं म्हंजे नुसती झकमारी. ऑइल वरनं गळतं, वाऱ्यानं मागं सरकतं आन तिसरीकडंच टपकतं. कोरडं झाल्यावर अम्मीच्या पावडरीचा अर्धा डबा इंजिनवर शिंपडला.

अभिमन्यू खदाखदा हसला. "हिला बी नवरी करतीस का काय!"

"गप बसा भाऊ. पांढऱ्यावर ऑइलचा डाग लगेच दिसतो. तसला डाग तुमाला ठावंच हाय."

शालूची आठवण झाली असणार. जाऊन गाडीत बसला.

गेवराईच्या रस्त्यानं पाच किलोमीटर जाऊन परत आलो. बॉनेट उघडलं आन माझं तोंडच उतरलं. पावडर एका जागी ओली असती तर ठीक होतं. इथं वरच्या झाकणाची कड ओली, पुढच्या पुलीमागं ओलं, मागं ओलं, ऑइल मोजायची कांडी जिथं घुसते तिथं बी ओलं. सगळीकडनंच!

"झालं?" अभिमन्यू म्हणाला. "घाल कुलूप."

मला रडू येत होतं. गॅरेजच्या कुलपाकडं बघितलं, घरी पडलेल्या अब्बांचा विचार आला, आन परत त्या कांडीकडं बघितलं. कांडीच्या भोकातनं ऑइल वर यायचं कारणच काय? तिथं ना सील, ना पॅकिंग. ऑइल आपल्या पायानं वर चढत न्हाई. आतनं कुणीतरी ढकलल्याशिवाय ते येणारच न्हाई.

मी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण फिरवलं. अर्धं फिरलं तोवर फस्सकन झाकण हातातनं उडालं आन ऑइलचे शिंतोडे माझ्या तोंडावर. अभिमन्यू दोन पावलं मागं. मी मात्र नाचायचीच बाकी होते.

"पॅकिंगचा दोषच न्हाई! आत हवा कोंडलीय. शंभर पॅकिंगं बदला, ती फोडून ऑइल बाहेर येणारच!"

इंजिनच्या पोटात धूर साठतो, तो बाहेर सोडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ह्या गाडीत ती मागच्या अंगाला खाली उतरते, सहज दिसत बी न्हाई. मी गाडीखाली घुसले. नळी वरनं सोडवली आन तोंड लावून फुंकली. हवा पार होईना. गाल दुखले तरी होईना. मग तारेला आकडा करून खालच्या तोंडात घातला, पिळला आन ओढला.

एक काळाकुट्ट बोळा बाहेर आला. डिझेलमधी धुतला तसा त्याचा पांढरा रंग वर आला. शिवण आली. गळ्याची पट्टी बी आली. बनियनचा तुकडा!

मी अभिमन्यूकडं बघितलं. तो बोळ्याकडं बघत होता. खालच्या मानेनं म्हणाला, "खंडेनवमीला गाडी धुतली होती. पंपाचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून म्याच कोंबला होता. मग पूजा झाली, हार घातला, नारळ फोडला... काढायचा राहूनच गेला."

अशी तापले मी! "माझ्या बापाला आठ दिवस खाटेवर निजवलं तुमच्या बनियननं! तीस वर्सांत ती नळी कुणी बुजवलेली त्यांनी बघितली न्हाई, मग तिकडं बघतील कावून?"

"बोल पोरी, बोल," तो म्हणाला. "माझं चुकलंच."

एवढं बोलल्यावर काय भांडणार? दाबानं फाटलेलं वरचं पॅकिंग तेवढं बदललं, इंजिन परत धुतलं, परत पावडर, परत गेवराईचा रस्ता. ह्या खेपेला दहा किलोमीटर. बॉनेट उघडलं तर पावडर जशीच्या तशी, कोरडी, पांढरीशुभ्र. मी अशी किंचाळले की स्टँडातला कंडक्टर धावत आला.

अब्बांना आणायला अभिमन्यू सोता आमच्या घरी गेला. काय बोलला ठाऊक न्हाई, पण अब्बांचा हात धरूनच बाहेर आला आन त्यांना गाडीत मागं बसवलं, नवरदेव बसतो तिथं. गाडी हॉटेलासमोर उभी केली. इंजिन चालू ठेवलं आन खाली पेपर अंथरला. सगळ्यांचा चहा होईपर्यंत माणसं वाकून वाकून बघत होती. एक थेंब न्हाई.

मग अभिमन्यू बाकावर चढला. दिलेला शब्द पाळला गड्यानं. "ऐका रे! गाडीत बोळा म्या कोंबला होता! चूक माझी! वाहेद मिस्त्रीच्या हाताला सगळ्या तालुक्यात तोड न्हाई!"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. बबनराव पाटील आपला ट्रॅक्टर सोडून पुढं आले. "वा मिस्त्री! आता आमचं बी इंजिन तुमच्याच हातानं बघा."

अब्बा गाडीतनं उतरले. आठ दिवसांची दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मला वाटलं, आता हसतील, मान ताठ करतील. त्यांनी मान हलवली.

"पाटील, हे काम माझ्या हातानं झालं न्हाई. मला सापडलंच न्हाई ते. दोनदा बघितलं, दोनदा हुकलो. माझ्या शाईस्तानं काढलं." मग अभिमन्यूपेक्षा मोठ्यानं, सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपास्नं इंजिनचं काय बी असंल तर मिस्त्रीण हाय आमच्याकडं. तिला इचारायचं!"

ज्या नावापायी माणूस आठ दिवस धड जेवला न्हाई, ते परत मिळाल्या मिळाल्या त्यांनी मला देऊन टाकलं. मी तिथंच, सगळ्यांदेखत, ऑइलच्या हातांनी तोंड झाकून रडले.

"रडतीस काय गाढवे," अब्बा म्हणाले. आठ दिवसांतली पहिली शिवी, चक्क मराठीत. "पाटलाचा ट्रॅक्टर उभा हाय, बघ की त्याला काय झालंय."

मी डोळे पुसले आन बबनरावांकडं वळले.