चिठ्ठीत निघालेली बाजू

सृष्टीच्या वाट्याला कंपनीची बाजू आली ती चिठ्ठीनं. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेचा रिवाजच तसा. खटला एक, तयारी दोन्ही बाजूंची, आणि मांडायची कुठली ते ऐनवेळी चिठ्ठी ठरवणार. परभणीच्या कॉलेजातली पोरगी दिल्लीला आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली, समोर सिंगापूरची पोरं. तिथं चिठ्ठीचं रडगाणं कोण गातं? खटला बियाण्याचा होता. शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं वाण कंपनीनं आपल्या नावावर नोंदवलं, तर हक्क कुणाचा?

"प्रत्यक्षातलं उदाहरण आहे?" परीक्षकांनी विचारलं. तोंडाशी आलं ते ती बोलून गेली.

"माझे वडील. राणीसावरगावात आजोबांची हुरड्याची ज्वारी ते राखतात. पेरणीला सगळा गाव त्यांच्याकडून फुकट बी नेतो. जे सगळ्यांना वाटून टाकलं, ते कुणाचंच राहत नाही."

उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस सृष्टीनं मारलं.

घरी आली तर बाप, महारुद्र, बाहेर गेलेला. आईनं, कस्तुराबाईनं, पान वाढलं. भाकरीचा घास तोंडात गेला आणि सृष्टीचा हात थांबला. ही गोडी तिला ओळखू येणार नाही तर कुणाला?

"आई, ही ज्वारी कुठली?"

"बियाची. तुज्या अप्पानं समदी दळून आणली." कस्तुराबाईनं डोळ्याला पदर लावला. "मोबाईलवर तुजं बोलणं बघायलते. शेजारच्या दत्तोपंत गुरुजींनी शब्द न्‌ शब्द मराठीत करून सांगितला. तवा उठले ते थेट गिरणीत. म्हणले, लेकच म्हणती कुणाचंच न्हाई, मंग राखू कशाला? म्या लय अडवलं गं."

गुरुजी मोठे हौशी माणूस! सगळं सांगितलं, चिठ्ठीचं तेवढं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"गावात कुणाकडं तरी हे बी असंल की," सृष्टी म्हणाली.

"कोण राखतंय? समदे खाऊन, इकून मोकळे. पेरणीला महारुद्र हाय की, म्हणत्यात."

सृष्टी ताटावरून उठली. बक्षिसाची तिला शिसारी आली.

महारुद्र आला आणि ओट्यावर टेकला. तिनं त्याला चिठ्ठीचं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"मंजी ते तुज्या मनातलं नव्हतं?"

"नव्हतं, अप्पा. तुमचं नाव घ्यायला नको होतं. चुकलं माझं."

"मंग आपली बाजू बी तयार केली व्हती?"

"केली होती."

"सांग बरं."

तीच तर तिनं जास्त जीव लावून तयार केली होती. "वाटून दिल्यानं हक्क जात न्हाई, अप्पा. खाणारे लय असत्यात, राखणारा एकच असतो. दरसाल कणसं निवडून ठिवली म्हणून ते वाण जगलं. त्याच्यावर पहिला हक्क राखणाऱ्याचा." न्यायालयात बोलली असती तसं शेवटपर्यंत बोलली.

महारुद्रचे डोळे भरून आले. "इतकं चांगलं व्हतं तुज्याजवळ," तो म्हणाला. "आन्‌ म्या एक फोन करून इचारलं बी न्हाई."

सृष्टी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पेरणीला गाव दारात येईल तेव्हा काय सांगायचं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.